पिवळी चिठ्ठी

जगात निर्दोष असं काही नाही, हे पुष्कळ मोठ्या लोकांनी पुष्कळ मोठ्या आवाजात सांगून ठेवलेलं आहे. पण तेच रोज आठ तास स्टुलावर बसून, भिंगातून बघून आणि एकदाही आवाज न चढवता सिद्ध करणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमच्या कारखान्याचे मुख्य तपासनीस होते. नाशिकजवळच्या अंबडची औद्योगिक वसाहत तेव्हा नुकती वसत होती. रस्त्यांना नावं नव्हती, आणि ज्या प्लॉटांवर कारखाने उभे राहायचे होते तिथं अजून कोथिंबीर उभी होती. आमच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक घड्याळांचे डिस्प्ले बनत. म्हणजे आकडे उमटतात ती राखाडी काच. दोन पातळ काचा एकमेकींवर चिकटवायच्या, त्यांच्यामधल्या केसाहून बारीक फटीत एक दुधट द्रव भरायचा, भोक बुजवायचं, वरून-खालून एकेक फिल्म डकवायची, वीज लावायची आणि आठ उमटतो का ते बघायचं. आठ उमटला की बाकीचे उमटतातच. "बाकीचे आकडे म्हणजे काय हो, कमी-जास्त रेघा गमावलेले आठच," असं तपासनीस म्हणत. मी तिथं पत्रव्यवहार सांभाळायचो. चार पुस्तकं वाचलेली असल्यामुळं आणि ती वाचल्याचं मी लपवत नसल्यामुळं ते मला 'साहित्यिक' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी मोजलं नाही. त्यांनी मोजलं असणार.

काचेतल्या दोषांना कागदोपत्री इंग्रजी नावं होती, पण तपासणीच्या टेबलावरच्या बायकांनी त्यांचं कधीच बारसं करून टाकलं होतं. द्रवात हवेचा बुडबुडा राहिला तर तो 'मोती'. धुळीचा काळा कण अडकला तर 'तीळ'. कापडाचा तंतू राहिला तर 'केस'. दोन काचांमधली फट सारखी नसली की रंगांची लाट दिसायची, तिचं नाव 'पैठणी'. आणि एखादी रेघ उमटलीच नाही, तर तो पीस 'बोळका'. तपासनीसांना ही नावं पसंत होती. अहवालात इंग्रजी लिहीत, पण बोलताना तेही म्हणत, "आज मोती फार आलेत, द्रव भरणाऱ्यांना सांगा." एखाद्या सराफाच्या पेढीवर शोभावं असं हे वाक्य ते अत्यंत दुःखी चेहऱ्यानं उच्चारत.

हे डिस्प्ले समोरून एक दिसतात, डावीकडून दुसरे आणि उजवीकडून तिसरेच. म्हणून प्रत्येक पीस तीनदा बघायचा: सरळ, मग मान डावीकडे कलती करून, मग उजवीकडे. वर्षानुवर्षं हे केल्यामुळं तपासनीस सगळ्याच गोष्टी तशा बघत. नवा माणूस ओळख करून द्यायला गेला की ते त्याच्याकडं सरळ बघत, मान डावीकडे झुकवत, मग उजवीकडे. आणि तो बिचारा आपल्याला साफ नाकारलंय असं समजून हात मागं घेई. भाजी अशी, वर्तमानपत्र असं, रजेचा अर्ज असा. कोजागिरीला कारखान्याच्या गच्चीवर दूध होतं, तेव्हा उगवत्या चंद्राकडं त्यांनी असंच तीनदा बघितलं आणि म्हणाले, "डाग ऐन मधोमध आहे. कडेला असता तर सोडला असता." द्राक्षांच्या दिवसांत तर त्यांच्याबरोबर बाजारात जायची सोय नव्हती. एकेक मणी उन्हासमोर धरून ते आतल्या बिया बघत. एकदा पंचवटीत एका द्राक्षवालीनं बराच वेळ हे सहन केलं आणि मग पदर खोचून विचारलं, "सायेब, खायचीत का सोयरीक करायची हाय त्यांच्यासंगं?" मी हसलो. तेही हसले, पण हातातला मणी काही त्यांनी घेतला नाही.

तपासणीच्या खोलीत त्यांचं राज्य होतं. गजरा बंद, पावडर बंद, सुती पदराला वरून कारखान्याचा झगा, आणि शिंक आली तर खोलीबाहेर जाऊन द्यायची. कुसुम म्हणून गिरणारेकडची एक बाई होती, हाताला अतिशय चलाख आणि तोंडाला त्याहून. ती म्हणायची, "देवानं सरांच्या डोळ्यात भिंग बशिवलं आन् पापणी लावायला इसरला." हे त्यांच्यासमोर म्हणायची, आणि ते भिंगातून मान वर न करता म्हणत, "कुसुम, कालच्या ट्रेमध्ये अकराव्या पीसला केस आहे. तुझाच असावा."

एके वर्षी मालकांचे धाकटे चिरंजीव तीन आठवडे परदेश बघून आले आणि त्यांनी 'शून्य दोष सप्ताह' जाहीर केला. मांडव घातला, फलक लावला, छातीवर लावायला बिल्ले वाटले. उद्घाटनाला एक पाहुणे आणले, ज्यांचा काचेशी संबंध चष्म्यापुरता होता. पाहुण्यांच्या गळ्यात मखमलाबादच्या मळ्यातल्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार. भाषणाआधी त्यांना तपासणीची खोली दाखवायची, तर दारात तपासनीस आडवे.

"हार काढावा लागेल साहेब."

"अहो, हा सन्मानाचा आहे," पाहुणे हसून म्हणाले.

"असेल. पण पाकळीचा कण फटीत गेला की त्याचा तीळ होतो."

धाकटे साहेब लाल झाले, पाहुण्यांनी हार काढला, तो धरायला कोणी नव्हतं म्हणून माझ्या हातात आला. पुढं भाषणात पाहुण्यांनी 'या कारखान्यात दोषाला थारा नाही' असं टाळीचं वाक्य टाकलं, तेव्हा मागच्या रांगेतून शांत आवाज आला, "काल चाळीस होते." सप्ताह तरीही सात दिवस चालला. फलक डावीकडे बोटभर उतरलेला होता. तो त्यांनी पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शिडी लावून सरळ केला. एकूण सप्ताहात दुरुस्त झालेला तेवढाच दोष मला आठवतो.

एवढं वाचून कोणाला वाटेल की हा माणूस कठोर होता. तसं नव्हतं. दोष असण्याबद्दल त्यांना राग नव्हताच. "माणसाच्या हातून होतं ते, आणि काचेच्या नशिबी येतं," म्हणत. त्यांच्या खिशात पारदर्शक फिल्मची एक बोटभर पट्टी असायची. तिच्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत काळे ठिपके छापलेले. काचेतल्या डागावर पट्टी ठेवायची आणि कुठला ठिपका त्याला झाकतो ते बघायचं. अगदी बारीक असला तर 'मान्य'. फार मोठा असला तर 'नापास'. मधल्यांसाठी पिवळी चिठ्ठी होती. म्हणजे माल पाठवायचा, पण सोबत पिवळ्या कागदावर लिहून: दोषाचा प्रकार, जागा, आकार, वाढतो की स्थिर, वापरावर परिणाम. गिऱ्हाइकाला सगळं आधी कळवायचं, मग त्यानं घ्यावं की न घ्यावं. धाकट्या साहेबांना या चिठ्ठ्यांचा तिटकारा होता. गिऱ्हाइकाच्या जे लक्षात येणार नाही ते आपण होऊन का सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तपासनीसांचं उत्तर ठरलेलं. "दोष असणं हा गुन्हा नाही. पुढच्या माणसाला न सांगता तो पाठवणं हा गुन्हा." आणि खरोखर, त्यांच्या चिठ्ठीसह गेलेला माल कधी परत आला नाही. गिऱ्हाइकं ती चिठ्ठी वाचून निर्धास्त होत, हे मी स्वतः पत्रव्यवहारात पाहिलेलं आहे.

त्यांना एकच मुलगी. सुनंदा. सिडकोच्या दोन खोल्यांच्या घरात ते, वहिनी आणि ही. मी रविवारी जाई. मुलीनं डोळे बापाचे घेतले होते आणि जीभ आईची. बाप वरणात डोकावू लागला की म्हणे, "बाबा, मोती नाहीत, जेवा." ती पंधरा वर्षांची असताना तिच्या उजव्या कानाखाली, मानेवर, एक पांढरा डाग उमटला. डॉक्टर झाले, मलमं झाली, त्र्यंबकचे एक वैद्य झाले. वहिनी रडून घेत आणि मग मुलीच्या वेण्या उजव्या बाजूनं पुढं घालत. तपासनीसांनी यातलं काही केलं नाही. त्यांनी घरी बसून फिल्मच्या तुकड्यावर शाईनं एक नवी पट्टी काढली. कारखान्यातले ठिपके फार बारीक. हिचे ज्वारीच्या दाण्यापासून रुपयाएवढ्यापर्यंत. पाडव्याला गुढी उभारून झाली की मुलीला उजेडात बसवायचं, मानेवर पट्टी ठेवायची आणि सरळ, डावीकडून, उजवीकडून बघून मोठ्यानं म्हणायचं, "मान्य!" ती हसत सुटायची. एका पाडव्याला मी तिथं होतो. ती म्हणाली, "काका, दरवर्षी पास होते मी. एवढे मार्क कॉलेजात नाही मिळत." वहिनी आतून ओरडल्या, "पुरे झाला तो खेळ, श्रीखंड घ्या." खेळच होता तो. त्या घरात त्या डागाबद्दल दुःखाशिवाय झालेलं बोलणं तेवढंच, आणि ते त्या दोघांचं होतं.

मुलगी बी.ए., बी.एड. झाली. स्थळं बघणं सुरू झालं. पहिली दोन डाग कळल्यावर गेली. एकानं निरोप धाडला, दुसऱ्यानं तोही नाही. तिसरं नाशिकरोडचं. मुलगा सरकारी नोकरीत, शांत, वाचणारा. एकदा बाजारात चुकून भेट झाली तेव्हा सुनंदाशी चार वाक्यं बोललेला, आणि ती चार वाक्यं तिला आवडलेली. हे मला वहिनींनी सांगितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती की आनंद ओळखायला वेळ लागला. बघण्याच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तपासनीस माझ्या टेबलाशी आले. हातात हस्ताक्षरातला एक कागद.

"साहित्यिक, एवढं मराठी मशीनवर घ्या. भाषा बघा जरा."

मी वाचलं. दोषाचा प्रकार: पांढरा डाग. जागा: मान, उजव्या कानाखाली. आकार: चौथ्या ठिपक्याइतका. वाढतो की स्थिर: चार वर्षं स्थिर. वापरावर परिणाम: नाही.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते गंभीर होते. "मागच्या दोघांना नंतर कळलं, म्हणून बिनसलं," ते म्हणाले. "आधी कळवलं की माणूस निर्धास्त होतो. तुम्ही पाहिलंय."

मी त्यांना अडवायला हवं होतं. थोरामोठ्यांच्या डामडौलावर मनातल्या मनात शेरे मारण्यात माझी हयात गेली; समोरचा माणूस साधेपणानं भयंकर चूक करत असला तर काय बोलायचं, याचा सराव नव्हता. मी एवढंच सुचवलं, "'दोष' शब्द तरी बदलू या. 'विशेष' लिहू."

"शब्द बदलून ठिपका लहान होत नाही," ते म्हणाले.

मी टाइप केलं. पिवळ्या कागदावर. खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. संध्याकाळच्या चहाला ही गंमत मी दोघांना सांगितलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूनं बोलायला एक शिकलेलं माणूस हवं म्हणून मी हजर होतो. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक मामा आले. मामा अशा बैठकांत असतात तसे; खुर्चीत नुसते बसलेले नव्हते, विराजमान झालेले होते. सुनंदा सरबत घेऊन आली. वेण्या दोन्ही मागं होत्या. वहिनींनी डोळ्यांनी खुणावलं, तिनं लक्ष दिलं नाही. चहापाणी झाल्यावर मुलामुलीनं मागच्या अंगणात दहा मिनिटं बोलायचं, असं आधीच ठरलेलं होतं. मुलगा उठायच्या बेतात होता. तेवढ्यात तपासनीसांनी खिशातून घडी काढली आणि मामांच्या हातात दिली. "आधी हे बघून घ्या. लपवालपवी नको."

मामांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शेवटपर्यंत वाचलं. 'वापरावर परिणाम: नाही' ही ओळसुद्धा. मग मामा म्हणाले, "चौथा ठिपका म्हणजे काय हो?"

आणि आमच्या तपासनीसांनी, प्रश्न तांत्रिक आहे अशा समजुतीनं, खिशातून ती पाडव्याची पट्टी काढली आणि दाखवली.

सुनंदा सरबताचा ट्रे हातात धरून उभी होती. तिनं पट्टीकडं बघितलं, मग बापाकडं. रडली नाही. मुलाकडं वळून म्हणाली, "मी हे तुम्हाला आता मागे अंगणात सांगणार होते. माझं मी." मग मामांनी कपबशांपाशी ठेवलेला पिवळा कागद उचलला, माझ्यासमोर धरला. "काका, टाइप तुम्ही केलंत ना? तुमच्या मशीनचा 'र' ओळीच्या वर चढतो." आणि आत निघून गेली. डोळे बापाचे होते, हे मी वर सांगितलंच आहे.

मुलाचं नंतर एक पत्र आलं, तिच्या नावे. त्यानं क्षमा मागितली होती. कशाची, ते त्यालाही नीट सांगता आलं नव्हतं. घरच्यांपुढं त्याचं काही चाललं नाही. ते स्थळ गेलं. पण स्थळाचं दुःख त्या घराला फार दिवस पुरलं नाही, कारण त्याहून मोठं घरात येऊन बसलं. सुनंदानं बापाशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. त्यांचा चहा वेळेवर, कपडे घडी करून; फक्त शब्द नाही. सगळं वहिनींमार्फत. मी एका रविवारी जेवायला होतो.

"आई, बाबांना विचार आमटी वाढू का."

बाबा तिच्या पुढ्यात, हातभर अंतरावर. वहिनी वळल्या. "ऐकलंत ना?"

"थोडी," ते म्हणाले.

"थोडी म्हणतायत," वहिनी मुलीला म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. माझ्याशीही ती बोलली नाही. ते मला पटलं. पुढच्या पाडव्याला गुढी उभी राहिली, श्रीखंड झालं. तपासनीस खिडकीशी उजेडात एक पाट मांडून थोडा वेळ उभे राहिले आणि मग तो त्यांनीच उचलून ठेवला. हे वहिनींनी सांगितलं. त्या जूनमध्ये सुनंदाला त्र्यंबकेश्वरला शाळेत नोकरी लागली. सकाळी एस.टी.नं जायची, संध्याकाळी यायची.

कारखान्यात फरक पहिल्यांदा कुसुमच्या लक्षात आला. मला म्हणाली, "सर पीस बघत्यात, पण ठिवून देत्यात तसाच. चिठ्ठीचा कागद घेत्यात, पेन घेत्यात, आन् बसून ऱ्हात्यात." मी धाकट्या साहेबांच्या परिपत्रकांत गुंतलेलो होतो, ऐकलं आणि विसरलो. दोन महिन्यांनी एका घड्याळवाल्या गिऱ्हाइकाकडून अख्खी खेप परत आली. प्रत्येक पीसमध्ये, तासाच्या आकड्याच्या वरच्या रेघेशेजारी, एक बारीक तीळ. काचेवर मखमल फिरवणाऱ्या रुळाला कण चिकटला होता, तो सगळीकडं उमटलेला. गिऱ्हाइकानं लिहिलं होतं की पिवळ्या चिठ्ठीसह माल आला असता तर आम्ही नेहमीप्रमाणे ठेवून घेतला असता. चिठ्ठी नव्हती, म्हणून आता आमचा इतर मालावरही विश्वास राहिलेला नाही.

चौकशी झाली. धाकटे साहेब टेबलामागं, तपासनीस समोर उभे, मी टिपण घ्यायला.

"दिसले नाहीत का तुम्हाला?"

"दिसले."

"मग चिठ्ठी?"

"कागद घेतला होता. 'दोषाचा प्रकार' एवढं लिहिलं. पुढं हात चालेना."

धाकट्या साहेबांना यातून काहीच कळलं नाही. त्यांनी मला 'नजरचूक' असं लिहायला सांगितलं, आणि ज्या माणसाची नजर आयुष्यात एकदाही चुकली नव्हती त्याच्या नावापुढं तो शब्द मी लिहिला. माझ्या मशीनवर उमटून त्या माणसाला भोवलेला हा दुसरा कागद. महिनाअखेर त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपसमारंभात धाकट्या साहेबांनी त्यांना शाल दिली, 'कारखान्याचे नेत्र' म्हटलं आणि टाळ्या संपायच्या आत गाडीत बसून गेले. बायकांनी वर्गणी काढून गजरे आणले होते. ज्या खोलीत गजरा चालत नसे तिच्या दारात उभ्या राहून त्या एकमेकींच्या केसांत माळत होत्या आणि रडत होत्या. कुसुम म्हणाली, "सर, आता तरी शिंकू का आत?" ते म्हणाले, "बाहेर जाऊन." परत आलेल्या खेपेतला एक पीस मात्र त्यांनी मागून घेतला, मेनरोडवरच्या एका घड्याळजीकडून साध्या प्लॅस्टिकच्या घड्याळात बसवला आणि मनगटाला बांधला.

ते पुढं फार दिवस राहिले नाहीत. एका हिवाळ्यात, दोन दिवसांच्या आजारानं गेले. आजारही त्यांच्यासारखाच, आवाज न करणारा. मी त्यांना नीट असं शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही महिने आधी, सीबीएसच्या एस.टी. स्थानकावर, त्र्यंबकच्या गाड्या लागतात तिथं.

दिवस मावळतीला आलेला होता. ते खांबाला टेकून उभे होते, हातात रिकामी पिशवी. रोज येत, असं कळलं. सुनंदा शाळेतून तपासायला वह्या आणायची, त्या उचलायला. ती गाडीतून उतरे, वह्या त्यांच्या पिशवीत ठेवी, एक शब्द न बोलता चार पावलं पुढं चालू लागे, आणि हे मागून. सिडकोपर्यंत असंच. "चार पावलं," ते मला म्हणाले. "आधी दहा होती." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या सुधारत चाललेल्या उत्पादनाचं समाधान होतं.

गाडी उशिरा आली. सुनंदा उतरली. वेणी एकच, मागं, मान मोकळी. मला बघून थबकली. आम्ही दोघं खांबाशी शेजारी शेजारी उभे होतो, एकाच गुन्ह्यातले. पिशवीत वह्या ठेवताना तिची नजर त्यांच्या मनगटाकडं गेली. बहुधा किती उशीर झाला ते बघायला. मग तिनं ते मनगट हातात धरलं, ट्यूबच्या उजेडाकडं वळवलं. सरळ बघितलं. मान डावीकडे झुकवली. मग उजवीकडे. तपासनीस हलले नाहीत. श्वासही त्यांनी रोखून धरला असावा. तपासणीच्या टेबलावर काचेला वाफ लागू नये म्हणून ते तसाच धरत.

"तीळ आहे," ती म्हणाली. वर्षभराहून अधिक दिवसांनी पहिला शब्द, आणि तो त्यांच्याच टेबलावरचा.

"आहे," ते म्हणाले.

"मोजलात?"

"नाही." आणि मग, "पट्टी टाकून दिली."

मला वाटलं, आता 'मान्य' म्हणेल. मी पुस्तकं वाचणारा माणूस. मला तसंच वाटणार. ती म्हणाली, "घड्याळ पाच मिनिटं मागं आहे, बाबा."

ते घाईनं बाजूची बटणं दाबू लागले. आकडे भलतीकडंच पळाले. "द्या इकडं," ती म्हणाली. पट्टा सोडवला, घड्याळ हातात घेतलं आणि बटण दाबत दाबत चालायला लागली. आकड्यांकडं बघत चालायचं म्हणजे सावकाश चालावं लागतं. सिडकोच्या रस्त्याला वळेपर्यंत मला दोघं दिसत होती. ती घड्याळात मान घालून, ते वह्यांची पिशवी सांभाळत, आणि मधली चार पावलं काही मला दिसली नाहीत. पाच मिनिटं पुढं करायला एवढा वेळ लागत नाही, हे मला त्या घड्याळांच्या कारखान्यात काढलेल्या इतक्या वर्षांत नक्कीच ठाऊक होतं.